ताऱ्याची तार

लाईट गेली तेव्हा मी सुशीलाच्या बशा मांडलेलं ताट घेऊन नेमकी उंबऱ्यात होते. सुशीला ही कुणी बाई नव्हे. आमच्या बार्शीकडं भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिली की त्याला सुशीला म्हणतात. तर त्यामुळं मला बघायला लातूरहून आलेल्या माणसांना मी दिसलेच नाही. अंधारात इरकली काठाचं काहीतरी आत आलं आणि खुर्चीला ठेचकाळलं, एवढंच त्यांना कळलं असणार.

"कंदील आणा!" अप्पा ओरडले. अप्पा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात त्यांचं धान्याचं अडत दुकान होतं, आणि दिवसभर हमालांशी बोलून त्यांचं साधं बोलणंही हाक मारल्यासारखं यायचं.

आईनं कंदील आणला. मुलाचे मामा शिवलिंगप्पा यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि थेट माझ्या तोंडासमोर धरला. आमच्या जनावरांच्या बाजारात माणसं बैलाचे दात बघतात ते मी पाहिलं होतं. पण बैल निदान मान तरी झटकतो.

"रंग कळंना," मामा म्हणाले. "कंदिलात सगळेच गोरे दिसत्यात."

"येईल की लाईट इतक्यात," अप्पा म्हणाले.

आणीबाणी लागून दोनेक महिने झाले होते. आता सगळं वेळेवर होतं असं रेडिओ रोज सांगायचा. ते खोटं नव्हतं; बार्शीची लाईट अगदी वेळेवर जायची.

"गुण मात्र एकतीस जुळत्यात," मामांनी मांडीवरच्या पंचांगावर थाप मारली. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, पण मुली बघायला पंचांगाची ना नसते, म्हणून हे लोक श्रावणातल्या शनिवारी जीप करून आले होते. "शिक्षण काय म्हणालात?"

"बी.एस्सी. फिजिक्स," मी म्हणाले.

"त्याचा स्वयंपाकात काय उपयोग?"

"कुकरची शिट्टी का होते ते सांगता येतं."

अप्पा खोकले. आईनं अंधारात मला चिमटा काढायचा प्रयत्न केला, तो बहुतेक मामांना बसला, कारण ते एकदम सरकून बसले.

मुलगा, म्हणजे मल्लिनाथ उटगे, पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनिअर, आत्तापर्यंत एक अक्षर बोलला नव्हता. मी बशी पुढं केली तर त्याचा हात बशीच्या बाजूनं गेला आणि हवेतलाच काहीतरी घास उचलून मागं आला. घाबरलाय बिचारा, असं मला वाटलं.

शेवटी त्याची आई पदरानं वारा घेत म्हणाली, "ह्या अंधारात बसून कुणाला काय दिसणार हाय? वर माळवदावर वारं असंल. पोरांना पाठवा की वर. बोलूद्या दोन शब्द."

मामांना ते पसंत नव्हतं. पण घाम त्यांनाही आला होता आणि घामापुढं रीतभात फार टिकत नाही.

मला ही संधी हवीच होती. जूनमध्ये माझा निकाल लागला होता आणि मला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. अप्पांचं म्हणणं, "एवढं शिकलीस तेच जास्त झालंय. अजून शिकलीस तर तुझ्याहून शिकलेला जावई कुठनं आणू?" तेव्हा मी ठरवलं होतं, मुलाला एकटं गाठायचं आणि सरळ सांगायचं, की बाबा रे, मला नकार दे. रंग कळला नाही म्हण, काहीही म्हण.

जिन्यात तो दोनदा अडखळला. वर आल्यावर कठड्याला हात लावून उभा राहिला. आमचं माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गल्लीतली सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळं छपराछपरांवरून चालत गल्लीच्या टोकाला जाता यायचं. मांजरं जायची आणि मी जायची.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"मलापण," तो म्हणाला.

"आधी तुम्ही सांगा."

"नको, तुम्ही."

धीर गोळा करायला म्हणून मी वर बघितलं आणि पुढचं सगळं विसरले.

सगळं गाव काळोखात होतं आणि ढगांनी थोडा वेळ सुट्टी घेतली होती. ईशान्येला हंस वर चढत होता. हंस हा ताऱ्यांचा एक समूह आहे, पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यासारखा. त्याच्या शेपटीत एक ठळक तारा आहे. प्रत्येक उन्हाळ्यात माळवदावर झोपून मी हंस इतका बघितला होता, की त्यातले तारे मला गल्लीतल्या बायकांसारखे ओळखू यायचे. कोण कुणाला खेटून, कोण जरा फटकून. आणि त्या संध्याकाळी शेपटीच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं.

चांगलं ठसठशीत. शेपटीतल्या ताऱ्याहून जेमतेम कमी. काल ढग होते, पण परवा तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

"काय सांगायचं होतं?" मल्लिनाथनं विचारलं.

"गप्प बसा जरा."

बघायला आलेल्या मुलाला गप्प बसा म्हणणारी बार्शीत तरी मी पहिलीच असेन. पण तो खरंच गप्प बसला. हा गुण मामांच्या एकतिसांत धरलेला होता की नाही कोण जाणे.

मी एक डोळा मिटून बोटाच्या टोकाशी तो धरला. हलेना. म्हणजे विमान नव्हे. ग्रह म्हणावा तर ग्रहांचा रस्ता ठरलेला असतो, ते हंसाच्या गल्लीत कधी फिरकत नाहीत.

"इकडं या," मी त्याला म्हणाले. "माझ्या बोटाच्या रेषेत बघा. ठळक तारा दिसतोय? त्याच्या खाली, जरा डावीकडं, अजून एक. दिसला?"

त्यानं डोळे बारीक केले. "हां."

"दोन दिसतात ना?"

"दोन," तो म्हणाला. "दिसतात की."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एकाला दिसला तर तो भास असतो. दोघांना दिसला की शोध होतो.

"पण आहे काय तो?"

"नवा तारा. म्हणजे तसा जुनाच, पण इतका अंधूक की आजवर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. असा एखादा अचानक भडकतो, हजारो पटींनी. नोवा म्हणतात. आपल्याला तार करायला पाहिजे."

"ताऱ्याला?"

"ताऱ्याला कशाला! हैदराबादच्या वेधशाळेला. आमच्या सरांनी सांगून ठेवलंय, आकाशात वेगळं काही दिसलं तर तिथं कळवायचं. पत्ता मला पाठ आहे. आठला तार ऑफिस बंद होतं."

"मग खाली सांगून जाऊ."

"खाली सांगितलं तर तुमचे मामा पंचांग उघडतील."

"हो, आणि त्यांना पान लवकर सापडत नाही," तो म्हणाला. "कुठनं जायचं?"

आमच्या दोघांची पायताणं खाली, बैठकीच्या दारात. आम्ही अनवाणीच निघालो. तिसऱ्या माळवदावर गंगव्वा काकू पोराला झोपवत बसल्या होत्या.

"कोण गं?"

"मी शैला, काकू."

"आन् हे कोण?"

"मला बघायला आलेत."

"बघा, बघा," काकू म्हणाल्या आणि पोराला थोपटत राहिल्या.

पुढं एका छपराला उजेडासाठी भोक ठेवलं होतं, त्यात मल्लिनाथचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. खालून भांडं पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्याला ओढून काढलं. "बघून चला की हो," मी म्हणाले. पुढं तो माझ्या पदराचं टोक धरून चालला. मला लाज वाटायची वेळ निघून गेली होती.

तार ऑफिसात तारबाबू बोधनकर मेणबत्तीच्या उजेडात आवराआवर करत होते. मी मजकूर लिहून दिला, इंग्रजीत: हंसात शेपटीजवळ तेजस्वी नवा तारा, ताबडतोब खात्री करा, शैला तोडकरी, बार्शी. पैसे मल्लिनाथनं भरले. बोधनकरांनी तो कागद मेणबत्तीशी नेला, ओठ हलवत वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हंस कोण?"

"तारकासमूह आहे."

"समूह म्हणजे संघटना? बंदी-बिंदी नाही ना तिच्यावर?"

"ताऱ्यांचा समूह, हो. आकाशातल्या."

"आणि 'शेपटीजवळ' हा इशारा कुणाला?"

"कुणाला नाही. तारा शेपटीजवळ आहे."

"'तेजस्वी नवा तारा,'" त्यांनी पुन्हा वाचलं आणि आवाज खाली आणला. "बाई, सध्याच्या दिवसांत नवा तारा उगवणं बरं नाही. आहेत ते पुरे आहेत. आणि हे 'ताबडतोब खात्री करा' म्हणजे काय करा? ह्या शब्दावर वर्षभर आत बसलेली माणसं मला ठाऊक आहेत." आणीबाणी लागून वर्ष झालं नव्हतं, पण माणूस घाबरला की हिशेब चुकतो. "संशयित मजकूर पोलिसांना दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही, अशी ऑर्डर आहे मला."

समोरच पोलीस चौकी होती. तार ऑफिसचा शिपाई जाऊन गव्हाणे हवालदारांना घेऊन आला. ते जेवता जेवता उठून आले होते, आणि तो राग त्यांच्या मिशीला लागलेल्या भाकरीच्या चुऱ्यासकट दिसत होता.

"कुठाय तारा? दाखवा," ते म्हणाले.

आम्ही सगळे रस्त्यावर आलो. मी बोट वर केलं आणि माझं बोट तसंच राहिलं. पश्चिमेकडून ढग आले होते. हंस नाही, शेपटी नाही, सगळीकडं घोंगडी.

"ढग हाय," हवालदार म्हणाले.

"ढगाच्या मागं आहे."

"ताई, ढगाच्या मागं काय बी असू शकतंय. माझी बढती बी असंल." ते तारबाबूंकडं वळले. "फाडून टाका कागद. आन् ह्यांना घरी पाठवा."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. आकाशात एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि मला ती कुणाला सांगता येत नव्हती. तेवढ्यात मल्लिनाथ पुढं झाला. अनवाणी, पँटीला गुडघ्यापर्यंत माती.

"मी बघितलाय," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"मल्लिनाथ उटगे. ज्युनियर इंजिनिअर, पाटबंधारे खातं."

"म्हंजी सरकारी नोकर." हवालदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सरकारी नोकरानं सरकारी कामात खोटं सांगितलं तर सध्या काय हुतंय, ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

"मग बोला बघू नीट."

"शेपटीत एक ठळक तारा आहे. त्याच्या खाली, जरा डावीकडं, दुसरा. तो नवा. दोन्ही मी ह्या डोळ्यांनी बघितले. लिहून देतो."

आणि त्यानं कागद ओढून खरंच लिहून दिलं. खाली सही, हुद्दा, ऑफिसचा पत्ता. लिहिताना त्याचं नाक कागदाला टेकत होतं. मला वाटलं, उजेड कमी पडतोय.

हवालदारांनी सही बघितली, मग मला विचारलं, "हे तुमचे कोण?"

"अजून कुणी नाहीत," मी म्हणाले.

हवालदारांनी 'पाठवा' अशी मान हलवली, बोधनकरांनी एक उसासा टाकला आणि यंत्रावर बोट ठेवलं. कट्ट, कडकट्ट, कट्ट. तो आवाज मला आजही कुठल्याही सनईपेक्षा गोड वाटतो.

परत निघालो आणि लाईट आली. सगळं गाव एकदम उजळलं, आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध अनवाणी. त्यात गव्हाणे हवालदार सायकल हातात धरून आमच्यासोबत. त्यांना आमचा पत्ता प्रत्यक्ष बघायचा होता.

घरी काय झालं ते आईनं मला नंतर सांगितलं. लाईट आल्यावर ती आम्हाला बोलवायला वर गेली. वर कुणी नाही. खाली येऊन तिनं सांगताच मामा उभे राहिले. "पोरगी पळाली!"

"कुणाबरोबर?" अप्पांनी विचारलं.

मामांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आमच्या पोराबरोबर."

"पण मग पळायचं कशाला?" मल्लिनाथची आई म्हणाली. "आपण सगळे इथं त्याच्यासाठीच बसलोय की."

तेवढ्यात आम्ही दारात उभे. मी, तो आणि हवालदार. चिखलाचे पाय, पदराला कोळ्याचं जाळं. हवालदारांनी घराचा क्रमांक टिपला, आईनं सवयीनं त्यांच्याही हातात सुशीलाची बशी दिली, आणि ते उभ्या उभ्या खात तमाशा बघायला थांबले.

"कुठं गेली होतीस?" अप्पांनी विचारलं.

"तार करायला. आकाशात नवा तारा आलाय."

"पंचांगात असलं काही नाही," मामा म्हणाले.

"पंचांग गेल्या वर्षी छापलंय, मामा. तारा काल आलाय."

"बघा! ही जीभ बघा!" मामांनी पंचांग पिशवीत घातलं. "आम्हाला घरात बसणारी सून पाहिजे. छपरावरनं उड्या मारणारी नको. मल्ल्या, तुला काय बोलायचंय का?"

मी मल्लिनाथकडं बघितलं. दहा मिनिटांपूर्वी ज्यानं हवालदारापुढं आपली नोकरी ठेवली होती, तो मामांपुढं फरशी बघत उभा होता. मग तो म्हणाला, "माझी चप्पल कुठाय?"

जीप गेली. मला नकार हवा होता, तो मिळाला होता. मग मला वाईट का वाटत होतं, ते मला कळेना. ज्या अप्पांचं कुजबुजणंही शेजाऱ्यांना ऐकू जायचं, ते एक शब्द बोलले नाहीत, ह्याची भीती मला मामांच्या ओरडण्याहून जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. अडत्यांनी अप्पांना विचारलं, "काय अप्पा, तारा काय म्हणतोय?" अप्पा लवकर घरी आले आणि रेडिओ लावून बसले. संध्याकाळच्या बातम्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. त्यांच्या मागून बाजारभाव येत. मी आतल्या दाराशी भिंतीला टेकून होते. वीस कलमी कार्यक्रम झाला, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन झालं, आणि मग निवेदिका त्याच सुरात म्हणाली, की हंस तारकासमूहात एक नवा तेजस्वी तारा दिसू लागला असून जपानमधल्या निरीक्षकांनी तो प्रथम पाहिला. जगात इतरत्रही अनेकांनी तो स्वतंत्रपणे पाहिल्याचं वृत्त आहे.

अप्पांनी रेडिओ बंद केला. बाजारभावाच्या आधी त्यांनी रेडिओ बंद केलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच बघितला.

"म्हंजी होता," ते म्हणाले.

"होता."

"जपानवाल्यानं कधी बघितला?"

"परवा संध्याकाळी असणार."

"म्हंजी शुक्रवारी. तुझ्या आधी एक दिवस."

"हो, अप्पा."

अप्पांनी बोटांवर वार मोजून बघितले. मग म्हणाले, "पाव्हण्यांना शुक्रवारीच बोलवायला पायजे होतं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. अप्पा कित्येक वर्षांत माळवदावर चढले नव्हते. त्या दिवशी चढले. मी बोट केलं, त्यांनी बघितलं, आणि मग कठड्याशी उभं राहून मार्केट यार्डातल्या आवाजात सगळ्या गल्लीला सांगितलं, "वर या रे! आमच्या शैलानं हुडकलाय!"

"अप्पा, जपाननं," मी म्हणाले.

"जपान लांब हाय," अप्पा म्हणाले.

अर्ध्या तासात आमचं माळवद खचतंय की काय अशी गर्दी झाली. गंगव्वा काकू पोराला घेऊन आल्या. तारबाबू बोधनकर आले आणि ज्याला त्याला सांगत राहिले, की पहिली बातमी बार्शीतून त्यांच्या बोटानं बाहेर गेली. गव्हाणे हवालदारही आले; बंदोबस्ताला आलोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला निघताना अप्पांनी पायात चप्पल सरकवत, माझ्याकडं न बघता विचारलं, "पुण्याचं कॉलेज सुरू झालं का?"

"कधीच."

"उशिरा घेत न्हाईत का? विचार तुझ्या सरांना. माल चांगला असला की गिऱ्हाईक थांबतंय."

सरांनी पुण्याला फोन लावला, पत्र दिलं. जागा मिळाली.

असे तारे जेवढ्या घाईनं भडकतात तेवढ्याच घाईनं विझतात. मी रोज संध्याकाळी त्याचं तेज आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून बघायची. सोमवारी मंगळवारी तो खाली घसरायला लागला. मग छातीतल्या ताऱ्याच्या खाली गेला, मग पंखातल्या बारक्या ताऱ्यांच्या पंगतीत बसला. माळवदावरची गर्दीही त्याच प्रमाणात पांगली. आठवड्याच्या शेवटी वर मी एकटीच असायची.

त्या रविवारी दिवेलागणीला अप्पांचा खालून कुणाशी तरी बोलण्याचा आवाज आला, आणि मग जिन्यात पावलं वाजली. दारातून एक उंच माणूस आला, नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं. मी ओळखलंच नाही.

"मी मल्लिनाथ," तो म्हणाला.

तो एकटाच आला होता, एसटीनं. जिन्यात एकदाही अडखळला नव्हता.

"अप्पा म्हणाले, मंगळवारी पुण्याला निघालाय. दोन वर्षं."

"हो."

"बरं झालं." तो कठड्यापाशी आला. "त्या दिवशी मला एक सांगायचं होतं, ते राहिलं." त्यानं चष्म्याला हात लावला. "हे. आईनं काढून घेतला होता. मुलीकडच्यांना दिसू नये म्हणून पर्समध्ये ठेवला होता. त्याच्याशिवाय मला ह्या माळवदाचा कठडा दिसत नाही. तारा कुठला दिसायला?"

मला ते समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला दोन तारे दिसले नव्हते."

"एकपण दिसला नव्हता."

मी इतकी भडकले की त्याला कठड्यावरून ढकलायचंच बाकी होतं. "आणि तुम्ही लिहून दिलं! हवालदारासमोर! खोटं!"

"दिसला नव्हता, ते खोटं. पण होता ना?"

"तुम्हाला काय माहीत होतं? मला भास झाला असता तर? मी चुकले असते तर?"

"तर दोघं चुकलो असतो."

"शास्त्रात असं चालत नाही!"

"शास्त्र मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला गप्प बसा म्हणालात. धरणाच्या भिंतीला गळती दिसली की आमचे साहेब त्याच आवाजात बोलतात. त्या आवाजात माणूस चुकत नाही."

"मग मामांपुढं का बोलला नाहीत?"

"मामा हवालदाराहून अवघड आहेत," तो म्हणाला. "पण परवा बोललो. म्हणून तर एकटा आलोय."

मी पाठ फिरवून उभी राहिले. आठवडाभर मी कशाच्या जोरावर हिंडत होते? तर आणखी एकाला दिसला होता, ह्या जोरावर. आणि तो दुसरा कुणी नव्हताच. मी एकटीनंच बघितला होता, आणि शेजारी एक आंधळा माणूस माझ्या भरवशावर सही ठोकत होता. ह्याचा राग यावा की दुसरंच काही वाटावं? आणि खरी भीती वेगळीच होती. जो त्या दिवशी न बघता हो म्हणाला, तो जन्मभर सगळ्यालाच हो म्हणत राहील. होला हो करणारा नवरा मिळाला तर बायका नवस फेडतात. मला तसा माणूस नको होता.

"या इकडं," मी म्हणाले. "चष्मा आहे आता. बघा तरी."

त्यानं सदऱ्याच्या टोकानं भिंगं पुसली आणि वर बघितलं. "बाप रे," तो पुटपुटला, "एवढे असतात?" मग त्यानं माझ्या बोटाच्या रेषेत बघितलं. "शेपटीतला दिसला."

"त्याच्या खाली. जरा डावीकडं."

तो बघत राहिला. "नाही."

"नीट बघा. अंधूक झालाय आता."

त्यानं मान तिरपी केली, चष्मा वरखाली केला. "नाही दिसत."

"मला तर दिसतोय," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघायला लागला. मग पुन्हा वर. मामांशी भांडून, एसटीत उभ्यानं येऊन तो इथवर पोचला होता. खाली अप्पा बसले होते. फक्त 'हां, दिसला की' एवढं म्हणायचं होतं, आणि ते त्याला चांगलं जमत होतं.

"तुम्हाला दिसत असेल," तो शेवटी म्हणाला, अगदी रडवेला होऊन. "मला खरंच नाही दिसत."

मलाही दिसत नव्हता. आदल्या संध्याकाळीच तो डोळ्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता. मी त्याला मोकळी जागा दाखवत होते.

"काय गं शैला?" खालून अप्पांनी विचारलं. "दिसला का त्यांना?"

"नाही," मी कठड्यावरून वाकून सांगितलं. "पण आईला म्हणावं, एक ताट जास्त मांड."